नाव सापडलं नाही, असं लिहिण्याआधी

मर्चिसन काउंटीच्या कोर्टाचं दार सकाळी साडेआठला उघडतं आणि आठ पस्तीसला वायनेल स्टॅन्सिल आत शिरते, हा बावीस वर्षांचा नेम. काखेत एक चपटी उशी, कारण दप्तरखान्यातलं बाकडं लाकडी आहे आणि तिच्या कमरेनं आता सांगून टाकलंय की लाकडाशी आपलं जमणार नाही. उजव्या हाताच्या बोटावर रबराची टोपी, पानं उलटायला. आणि घडी घातलेला एक कागद. त्या दिवशीच्या नावांची यादी.

पूर्वी ती शर्ट शिवायच्या कारखान्यात कॉलर जोडायची. कारखाना बंद पडला, अख्ख्या लॅथम गावातल्या बायका एका शुक्रवारी घरी बसल्या, आणि वायनेलला कुणीतरी हे काम सांगितलं. कुणाला शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी लागते, कुणाला वृद्धाश्रमात, कुणी सांभाळायला मूल मागतं. मग विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की या माणसावर या काउंटीत कधी गंभीर गुन्ह्याचा खटला भरला होता का. विचारणारा अटलांटातल्या एका कंपनीला विचारतो, कंपनी वायनेलला विचारते, आणि वायनेल रजिस्टरला विचारते.

तेव्हा तिचा नवरा डब हयात होता. तो म्हणाला होता, "म्हणजे आता तू गावाची पापं मोजणार? मला वाटत होतं, ते खातं वरच्याकडे आहे."

थट्टाच होती, पण वायनेलला लागली. रात्री न जेवता झोपली. सकाळी त्याच्यापुढे अंडी आणि मक्याची लापशी, ग्रिट्स, ठेवत म्हणाली, "मी पापं मोजत नाही. कागदावर आहे ते सांगते, नाही ते सांगत नाही. एवढंच."

"बरं बाई," डब म्हणाला, "मीठ दे."

तर एवढंच, हे तिनं बावीस वर्षं सांभाळलं.

या कामाला अक्कल लागत नाही असं लोकांना वाटतं. भिंतीला लागून एक कॉम्प्युटर ठेवलेला आहे, कुणीही येऊन बसावं, नाव टाकावं, बघावं. खटले सगळ्यांना बघायला खुले असतात. पण त्या कॉम्प्युटरला चौऱ्याण्णव सालाच्या मागचं काही ठाऊक नाही. त्याच्या मागचं सगळं जाड कापडी बांधणीच्या रजिस्टरांत, एकेक रजिस्टर उचलताना खांदा आठवावा असं. आडनावाच्या पहिल्या अक्षराचं पान काढायचं, पण त्या पानावर नावं अकारविल्हे नाहीत. जशी प्रकरणं आली तशी तारखेनं उतरवलेली. म्हणजे बोट ठेवून पानच्या पान खाली यायचं. त्यातून एका खटल्यात तीन आरोपी असले तर जुन्या कारकुनांनी नाव लिहिलं पहिल्याचं, बाकीच्यांना 'आणि इतर'. शाई वाचवली. त्या 'इतर'मध्ये कोण होतं हे बघायचं असेल तर मूळ फाईल मागवावी लागते, आणि फाईल तळघरात असते.

सगळ्यात शेवटी एक पातळसं रजिस्टर आहे, त्याला तिकडे डेड डॉकेट म्हणतात. मेलेल्या खटल्यांची यादी. मेलेले म्हणायचे, पण संपलेले नव्हेत. जो खटला चालवायचा नाही आणि सोडायचाही नाही, तो तिथं नेऊन ठेवतात. आरोपीला सांगतात, घरी जा. तो घरी जातो, लेकरंबाळं होतात, केस पिकतात, आणि खटला तिथं तसाच पडून असतो, ना दोषी ना निर्दोष.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या एका बुधवारी यादीत अकरा नावं होती. सातवं नाव होतं ल्युव्हर्न टॅडलॉक. जन्मतारीख एकसष्ट सालची. कालावधीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सज्ञान झाल्यापासून आजपर्यंत'. विचारणारं खातं सरकारी, मुलांची देखभाल बघणारं.

वायनेलनं कागद खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. नाव तेच राहिलं.

ल्युव्हर्न तिच्या शेजारच्या रस्त्यावर राहायची. माउंट ऑलिव्ह बाप्टिस्ट चर्चमध्ये दोघी तीस वर्षं एकाच बाकावर बसत आलेल्या. रविवारी लहान मुलांचा वर्ग दोघी मिळून घ्यायच्या. वायनेल गोष्ट सांगायची आणि ल्युव्हर्न मुलांना खुर्चीवरून पडू द्यायची नाही. ल्युव्हर्नची एकुलती एक लेक टोन्या नशेच्या नादी लागून हाताबाहेर गेली होती. जूनमध्ये तिला पकडलं तेव्हा तिची चार वर्षांची ब्रिन्ली गाडीच्या मागच्या सीटवर झोपलेली सापडली. खात्यानं पोरीला उचलून दोन काउंट्यांपलीकडे कुणा परक्या कुटुंबात ठेवलं. तेव्हापासून ल्युव्हर्न अर्जामागून अर्ज करत होती. घर बघून गेले, विहिरीचं पाणी तपासून गेले, डॉक्टरचा दाखला झाला. मागच्या खोलीत तिनं छोटा पलंग पिवळा रंगवून ठेवला होता. रविवारी चर्चमध्ये पाद्री विचारायचे, कुणासाठी प्रार्थना करायची, आणि वर्गातली पोरं एका सुरात ओरडायची, "ब्रिन्ली!"

आता राहिली होती ती ही शेवटची तपासणी. खटला नाही असं कळवलं की पोरगी शनिवारी घरी.

वायनेलनं कॉम्प्युटरवर नाव टाकलं. काही नाही. माहेरच्या नावानं बघितलं. काही नाही. रजिस्टरं काढली, ऐंशी सालापासून. टी अक्षराचं पान, बोट खाली, खाली. शहाऐंशी सालच्या डिसेंबरात बोट थांबलं. 'सरकार विरुद्ध हॉइट टॅडलॉक आणि इतर.'

हॉइट म्हणजे ल्युव्हर्नचा नवरा. तो सुटून आल्यावर टेक्सासला गेला आणि तिथंच वारला. त्या वर्षीच्या थंडीत त्यानं कुणाच्या बागेतले अक्रोडासारखे पेकन चोरले होते आणि तुरुंगात गेला होता, हे गावात जुन्या माणसांना माहीत होतं. ल्युव्हर्नचं नाव त्यात कुणी कधी घेतलं नव्हतं.

इथं रजिस्टर मिटता आलं असतं. दुसऱ्या कुणीही मिटलंच असतं. नाव ल्युव्हर्नचं शोधायचं होतं. ते सापडलं नाही. तसं लिहिलं असतं तर खोटंही म्हणता आलं नसतं.

वायनेल काउंटरपाशी गेली. "शॉन्डा, शहाऐंशीची एक फाईल हवी होती."

शॉन्डा ही तिथली कारकून, चाळिशीची, नखं लांब आणि जीभ त्याहून लांब. "शहाऐंशी? मिस वायनेल, ते तळघरात आहे. उंदरांची परवानगी काढून येते."

फाईल पिवळी पडली होती. आरोपी क्रमांक एक, हॉइट. चोरलेल्या पेकनांची एक्केचाळीस पोती त्याच्या गोठ्यात सापडली. गुन्हा कबूल, दोन वर्षं. आरोपी क्रमांक दोन, ल्युव्हर्न टॅडलॉक. जन्मतारीख तीच. चोरीचा माल आहे हे माहीत असून ठेवून घेतल्याचा आरोप. खाली जजच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: 'आरोपी क्रमांक दोनच्या कडेवर पाच महिन्यांचं मूल आहे. सरकारी वकिलांच्या संमतीनं हिच्यापुरता खटला डेड डॉकेटवर ठेवावा.'

त्यापुढे कागद नव्हता. पातळ रजिस्टरात बघितलं, तिथं नाव होतं आणि शेवटचा रकाना कोरा. सदतीस वर्षं ल्युव्हर्न टॅडलॉक गंभीर गुन्ह्याची आरोपी होती आणि सदतीस वर्षं तिला त्याचा पत्ता नव्हता.

कडेवरचं मूल म्हणजे टोन्या. वायनेलनं बोटांवर महिने मोजले, तेच निघालं.

ती गाडीत जाऊन बसली. सँडविच उघडलं आणि परत गुंडाळलं. देवाला तिनं सरळ विचारलं, तिची तशी सवयच होती, "मी काय लिहू?" समोरच्या मैदानात एक माणूस पानं गोळा करत होता. तो गोळा करत राहिला.

न निकाली लागलेला खटला आहे असं लिहिलं तर खातं पोरगी देणार नाही. सापडलं नाही असं लिहिलं तर सही तिची आणि खोटं तिचं. ओळखीच्या माणसाचं नाव आहे म्हणून परत पाठवलं तर कंपनी दुसऱ्या कुणाला देईल, तो कॉम्प्युटरवर बघून पाच मिनिटांत मोकळा होईल, ल्युव्हर्नचं भलं होईल, आणि वायनेलचे हात स्वच्छ. हा तिसरा रस्ता तिला इतका सोयीचा वाटला की तिनं फोन हातात घेतला. मग तिला स्वतःचीच शरम वाटली. खोटं दुसऱ्याच्या हातून घडवलं म्हणून ते आपलं होत नाही का?

तिनं कंपनीला फोन केला तो वेगळाच. जुनं दप्तर आहे, वेळ लागेल.

"एकदाच मुदत मिळेल," पलीकडची पोरगी म्हणाली. "शुक्रवारी पाच. पाच म्हणजे पाच हं, मॅम."

ज्याचं नाव यादीत आहे त्याला सांगायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम. वायनेलनं तो कधी मोडला नव्हता. पण दप्तर सगळ्यांना खुलं आहे, आणि ते कसं बघायचं हे कुणालाही सांगायला कोणताच नियम आड येत नव्हता.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. ल्युव्हर्न स्वयंपाकघरात केळ्याच्या पुडिंगचं भांडं खरवडत होती.

"ल्युव्हर्न, उद्या सकाळी कोर्टात येशील?"

"मी काय केलं गं?" ल्युव्हर्न हसली.

"स्वतःचं दप्तर बघायला. कुणीही बघू शकतं. एकदा बघून घ्यावं माणसानं."

"वायनेल, माझे हात साबणात आहेत. काय ते नीट बोल."

"मला बोलता येत नाही."

ल्युव्हर्नचं खरवडणं थांबलं. "म्हणजे माझं नाव तुझ्या यादीत आलंय."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुझं थोबाड म्हणतंय." तिनं नळ बंद केला. "तू मला शोधलंस? मला? तीस वर्षं एका बाकावर बसून?"

"मी फक्त म्हणते, उद्या ये. आणि तुझं नाव सापडलं नाही तर उठू नकोस. हॉइटचं बघ."

हॉइटचं नाव काढताच ल्युव्हर्ननं दाराकडे बघितलं. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, खुर्च्या ओढल्या जात होत्या. ती हळूच म्हणाली, "ते संपलं होतं. मी जजसमोर उभी होते. तो म्हणाला, बाई, लेकराला घेऊन घरी जा. मी घरी गेले. आणखी काय करतात संपलं की?"

वायनेलनं फडकं घेऊन भांडं पुसायला सुरुवात केली. उत्तर तिला माहीत होतं आणि ते सांगता येत नव्हतं.

गुरुवारी साडेआठला ल्युव्हर्न दारात उभी होती, चर्चला जाताना घालायच्या कपड्यांत. वायनेल दोन हात दूर, आपल्या उशीवर. ल्युव्हर्ननं कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत आपलं नाव टाकलं आणि ओरडलीच, "नाही! बघ, नाहीये!"

"चौऱ्याण्णवच्या पुढचं नाही," वायनेल समोर बघत म्हणाली. "उभी राहा. मागच्या कपाटात रजिस्टरं आहेत. पंच्याऐंशी ते नव्वद असं पाठीवर लिहिलेलं काढ. गुडघ्यानं उचल, कमरेनं नको."

"टॅडलॉक... टॅडलॉक... हे तर नुसतं हॉइटचं आहे."

"पुढे काय लिहिलंय?"

"आणि इतर." ल्युव्हर्ननं त्या शब्दांवर बोट ठेवलं. "इतर म्हणजे मी?"

"त्या ओळीवरचा आकडा चिठ्ठीवर लिही आणि शॉन्डाला दे. म्हण, मूळ फाईल बघायचीय. बघायचं कारण ती विचारणार नाही. विचारायचा तिला हक्क नाही."

"कारण विचारत नाही मी," शॉन्डा काउंटरवरून म्हणाली, "पण कालच खाली ठेवली ती फाईल. दोन दिवसांत दोनदा तळघर! उंदीर आता मला नावानं हाक मारतात."

ल्युव्हर्ननं फाईल उभ्यानंच वाचली. ओठ हलत होते. जजच्या ओळीपाशी आली आणि तिनं त्या कागदावर तळवा ठेवला, जसा झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवतात. मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "एक्केचाळीस पोती नव्हती. बेचाळीस होती. एक हॉइटनं आधीच विकलं होतं."

वायनेलनं वर बघितलं.

"हो, मोजली होती मी," ल्युव्हर्न म्हणाली. "मला माहीत होतं ती चोरीची आहेत. पोरीला दूध पुरत नव्हतं आणि पावडरचे डबे आणायला घरात पैसा नव्हता. मी गोठ्याचं दार लावून घेतलं. आता लिहिणार आहेस तू हेही?"

"ते कागदावर नाही," वायनेल म्हणाली.

पुढचं तिनं सांगत जायचं आणि ल्युव्हर्ननं करत जायचं. साधी प्रत नको, सही-शिक्क्याची नक्कल माग. साधीला कुणी विचारत नाही. आरोपाचा कागद आणि जजची ओळ, दोन्हींची घे. डेड डॉकेटच्या पानाचीही घे. मग समोरच्या इमारतीत सरकारी वकिलाकडे जा आणि म्हण, माझ्यावरचा खटला मागे घ्या. तोंडी नको, लेखी दे.

सरकारी वकिलाचा मदतनीस किव्हर हा तिशीचा होता. नकला बघून त्यानं शीळ घातली. "मॅम, हा खटला माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे."

"मग त्याला मान द्या," ल्युव्हर्न म्हणाली, "आणि निरोप द्या."

तो हसला. साक्षीदार मेले, बागेचा मालक मेला, मागे घ्यायला आमची काही हरकत नाही म्हणाला. अर्ज तो लिहून देणार, हुकुमाचा कागद तयार करून देणार. पण सही जजची. आणि जज ऑल्डरिज पाच काउंट्यांना मिळून एक, आळीपाळीनं बसतात. हा आठवडा वेदरली काउंटीचा, सव्वा तासाच्या रस्त्यावर, आणि तिथं ज्युरीपुढे खटला चालू.

"पुढच्या बुधवारी इथं येतील की," किव्हर म्हणाला.

"पुढच्या बुधवारी नको," ल्युव्हर्न म्हणाली.

शुक्रवारी दुपारी एकला हुकुमाचा कागद हातात आला आणि दोघी ल्युव्हर्नच्या गाडीतून निघाल्या. वायनेलनं यायचं काही कारण नव्हतं. ल्युव्हर्ननं बोलावलंही नव्हतं. नुसतं पलीकडचं दार आतून उघडलं होतं. वाटेत कापसाची शेतं वेचणीला आलेली, पांढरीशुभ्र.

वेदरलीच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर त्या दीड तास बसल्या. पावणेचारला आतलं दार उघडलं, ज्युरीचे लोक पाय मोकळे करायला बाहेर आले, आणि त्यांच्या मागून शिपायानं ल्युव्हर्नला आत बोलावलं. जज ऑल्डरिज झग्यातच उभे राहून कॉफी पीत होते. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून बघितलं.

"शहाऐंशी! इतकी वर्षं तुम्ही कुठे होता, बाई?"

"घरी," ल्युव्हर्न म्हणाली. "तुमच्याच खुर्चीवरच्या माणसानं सांगितलं होतं."

जजनी कप खाली ठेवला. सही केली, तारीख घातली आणि कागद स्वतः तिच्या हातात दिला. "हा आजच तुमच्या काउंटीच्या काउंटरवर दाखल करा. शिक्का पडेपर्यंत ही नुसती माझी सही आहे."

चार वाजून पाच मिनिटं, आणि पाचला काउंटर बंद. सव्वा तासाचा रस्ता. ल्युव्हर्न अशी गाडी हाकत होती की वायनेलनं डोळे मिटून दोन स्तोत्रं म्हणून टाकली. वीस मैल उरले तेव्हा शेतातून कापूस वेचायचं अजस्र यंत्र रस्त्यावर आलं आणि अख्खा रस्ता अडवून, बैलाच्या चालीनं, पुढे चालू लागलं. ल्युव्हर्ननं भोंगा वाजवला. वरच्या माणसानं हात हलवून नमस्कार केला.

चार एक्कावन्न. वायनेलच्या मांडीवर फोन होता आणि फोनवर कंपनीचा फॉर्म.

"लिही," ल्युव्हर्न म्हणाली. "खटला काढून टाकला."

"शिक्का नाही पडला."

"जजची सही आहे! तुझ्या डोळ्यांदेखत आणली मी."

"मी डोळ्यांनी बघितलेलं लिहायचं नसतं. दप्तरात आहे ते लिहायचं असतं. दप्तरात अजून डेड डॉकेट आहे."

"तीन दिवसांचा फरक, वायनेल! शनिवार, रविवार आणि सोमवारची सकाळ."

"माहीत आहे."

"मग सापडलं नाही म्हण. पहिल्यांदा दिसलं तेवढंच लिही. तेवढं तर खरं होतं?"

"तेवढं मी बुधवारीच लिहिलं असतं."

"मग का नाही लिहिलंस?" ल्युव्हर्न एवढ्या जोरात ओरडली की तिचा आवाज फाटला. "कोण मागत होतं तुझ्याकडे इतकी खोल विहीर? ती चार वर्षांची आहे! तिला माहीत आहे का शिक्का म्हणजे काय?"

वायनेलनं फोन जवळ घेतला. तिनं लिहिलं: खटला एक, निकाल नाही, डेड डॉकेट. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: खटला मागे घेतल्याच्या हुकुमावर आज जजची सही झाली आहे, सोमवारी सकाळी दाखल होईल, कृपया थांबावं. ते तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. ल्युव्हर्ननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसली. कापसाचं यंत्र दूर दूर गेलं. चार अठ्ठावन्नला वायनेलनं बटण दाबलं.

सोमवारी आठ छत्तीसला शॉन्डानं शिक्का मारला. पातळ रजिस्टर काढून सदतीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या रकान्यात लिहिलं, 'मागे घेतला.' त्या दिवशी तिनं उंदरांचं नाव काढलं नाही. वायनेलनं तिथंच उभं राहून दुरुस्तीचा अहवाल पाठवला.

पण शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही. शुक्रवारी संध्याकाळी खात्यातल्या माणसानं 'निकाल नाही' एवढं वाचलं. ज्या कुटुंबात ब्रिन्ली होती त्यांना तिला आणखी ठेवता येत नव्हतं. शनिवारी सकाळी तिला उचलून तिसऱ्याच घरी नेलं, पार अलाबामाच्या हद्दीजवळ. एकदा हलवल्यावर परत हलवायचं तर कोर्टापुढे सुनावणी लागते. सुनावणीची तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची.

त्याच रविवारी ल्युव्हर्न दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, पियानोच्या बाजूला. वर्गावर आलीच नाही. एका पोरानं विचारलं, "मिस वायनेल, ब्रिन्ली आली का?" आणि तो विचारता विचारता खुर्चीवरून पडला.

वायनेल पाद्रींकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही योग्यच केलंत. ती आभार मानून उठली. घरी येताना तिला वाटलं, ते चुकलात म्हणाले असते तर बरं झालं असतं. चुकलेल्याला क्षमा तरी मागता येते. त्या पाच आठवड्यांत तिनं कामाला खाडा केला नाही. यादी येत होती, ती 'आणि इतर'पाशी थांबत होती, फाईल मागवत होती. प्रार्थनेत मात्र स्वतःबद्दल काही मागायचं तिनं सोडून दिलं. पोरीला रात्री झोप लागू दे, एवढंच म्हणायची आणि दिवा घालवायची.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ब्रिन्ली आली. कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्यांत कपडे, पायात एका मापानं मोठे बूट. गावात बातमी अर्ध्या तासात फिरली आणि जो तो अन्नाची भांडी घेऊन ल्युव्हर्नच्या दाराशी जाऊ लागला. वायनेलनं कोंबडी आणि पिठाच्या गोळ्यांचा, डंपलिंग्जचा, रस्सा केला, कापडी पिशवीत नीट उभा ठेवला आणि शनिवारी दुपारी गेली. दारावर टकटक करायला तिला बराच वेळ लागला.

ल्युव्हर्ननं दार उघडलं. ती खूप वाळली होती. तिनं आधी वायनेलच्या हाताकडे बघितलं.

"पिशवी बाहेर ठेव," ती हळू आवाजात म्हणाली. "पिशवी दिसली की ती टेबलाखाली जाते. तिला वाटतं, परत न्यायला आले."

वायनेलनं पिशवी पायरीवर ठेवली आणि गरम भांडं पदरासारखा अंगातला स्वेटर पुढे ओढून त्यात धरलं. आत गेली. पण पोरीनं पिशवी आधीच बघितली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली दोन गुडघे आणि मोठे बूट दिसत होते.

"पाच आठवडे," ल्युव्हर्न म्हणाली.

"हो," वायनेल म्हणाली.

ल्युव्हर्ननं भांडं घेऊन शेगडीवर ठेवलं. पाठ करून बराच वेळ झाकणाशी काहीतरी करत राहिली. मग वळून न बघताच पायानं एक खुर्ची मागे सरकवली.

वायनेल बसली. टेबलाखालून तिच्या चपलांकडे कुणीतरी बघत होतं. तिनं पाय अजिबात हलवले नाहीत.